आरोपी: वारा, राहणार आभाळ

१

मानवानं वाऱ्यावर विजय मिळवला, त्याला आता शंभरहून जास्त वर्षं झाली. पाखरांकडे बघत हळहळणारा हा दोन पायांचा प्राणी आभाळाचा धनी झाला. डोंगर, नद्या, समुद्र त्याच्या बुडाखालून मुकाट्यानं मागे जाऊ लागले. हा विजय एका मंगळवारी दुपारी रद्द झाला आहे, असं ‘आकाशबंधू’ विमान कंपनीच्या जळगाव कार्यालयानं सही-शिक्क्यानिशी कळवलं आहे.

ते पत्र धुळ्यात, पितांबर नानांच्या घरी, शेवेच्या बशीखाली दाबून ठेवलेलं होतं. पंखा जोरात होता म्हणून. वाऱ्याचा तेवढा त्रास आम्हालाही होतो.

पत्रात लिहिलं होतं: “आपल्या बंगळुरू–जळगाव उड्डाणास अनपेक्षित प्रतिकूल वाऱ्यामुळे इंधन भरण्यासाठी अनियोजित थांबा घ्यावा लागला. सदर बाब कंपनीच्या नियंत्रणापलीकडील असल्याने विलंबास कंपनी जबाबदार नाही. झालेल्या गैरसोयीबद्दल कंपनी दिलगीर आहे.”

“दिलगीर आहेत, पण जबाबदार नाहीत,” नाना म्हणाले. “म्हणजे तुमच्या पायावर माझा पाय पडला, वाईट वाटलं, पण पाय माझा नव्हे.”

पितांबर नाना माझे शेजारी. एसटीच्या धुळे आगारात अडतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होते. गाडी उशिरा आली की ड्रायव्हर-कंडक्टरला खिडकीशी उभं करायचं, कारण विचारायचं आणि वहीत लिहायचं, हे त्यांचं काम. त्यांच्या अनुभवानुसार उशिराची कारणं एकशे बारा. त्यांतली खरी नऊ.

“वारा कितवा?” मी विचारलं.

“वारा यादीतच नाही, भाऊ. अडतीस वर्षांत माझ्यासमोर उभं राहून वाऱ्याचं नाव घ्यायची कुणाची हिंमत झाली नाही.”

समोर प्रज्ञा सुरवाडे बसली होती. वय छत्तीस, नशिराबादची. तिचे वडील नानांच्या आगारात कंडक्टर होते. ते गेले तेव्हा ती बारावीत होती. आठ वर्षं ती बंगळुरूच्या एका खाजगी प्रयोगशाळेत लोकांचं रक्त तपासत होती. आता धुळ्याच्या सरकारी रक्तपेढीत तंत्रज्ञाची एक जागा निघाली आणि यादीत पहिलं नाव तिचं आलं. मंगळवारी संध्याकाळी पाचच्या आत मूळ कागदपत्रं घेऊन निवड समितीपुढे हजर व्हायचं होतं. ती पोचली सहा वाजून दहा मिनिटांनी. जीवराम शिपाई कुलूप लावून किल्ली खिशात टाकत होता.

तिनं समितीला अर्ज दिला, सोबत कंपनीचं पत्र जोडलं. समितीचं उत्तर आलं, ते असं: वारा ही नैसर्गिक बाब असून तो सर्वच उमेदवारांना असतो. उमेदवारानं तो गृहीत धरून निघणं अपेक्षित आहे. मात्र वाहतूक संस्थेनं स्वतःचा दोष लेखी मान्य केल्यास फेरविचार करता येईल. मुदत सोमवार, दुपारी तीन. त्यानंतर यादीतला दुसरा उमेदवार.

“कंपनी म्हणते वारा होता म्हणून आमचा दोष नाही. समिती म्हणते वारा होता म्हणून तुझा दोष आहे,” नाना म्हणाले. “आणि वारा मोकळा हिंडतोय.”

प्रज्ञा हसली नाही. “नाना, मी तिकडचा राजीनामा दिलाय. पुढची जाहिरात निघेपर्यंत माझं वय उलटून जाईल. आईला आता ताटातलं मीठ दिसत नाही. हाताला लागलं की कळतं.”

नानांनी बशी उचलली, पत्र पंख्याच्या वाऱ्यावर फडफडू दिलं आणि चष्मा लावून ते पुन्हा वाचलं. मग बोट ठेवलं.

“भाऊ, हे बघा. ‘अनपेक्षित प्रतिकूल वाऱ्यामुळे’ हे छापलेलं आहे. तारीख आणि विमानाचा नंबर तेवढा पेनानं लिहिलाय.”

“मग?”

“मग काही नाही. ज्याची अपेक्षा नव्हती ते छापून ठेवलंय, एवढंच.”

२

“मंगळवार सुरुवातीपासून सांग,” नाना म्हणाले. “क्षुल्लक वाटेल ते आधी.”

प्रज्ञा सांगायला लागली. सकाळी आठला ती बंगळुरूच्या विमानतळावर काउंटरला पोचली. काउंटरवरच्या मुलीनं ओळखपत्र बघितलं, सामान विचारलं, उपाशी आहात का विचारलं, आसन दिलं. विमान छोटं, पंख्याचं. त्यात प्रवासी सेहेचाळीस. आत बॅगा ठेवायला जागा नाही म्हणून हातातली बॅगही दारात काढून घेतली आणि खाली पोटात टाकली. तिच्यात मूळ कागदपत्रं होती. साडेदहाला विमान उडालं. खायला-प्यायला काही मिळत नाही, पाण्याची एक छोटी बाटली मिळते. साडेबाराला जळगाव. तिथून धुळं रस्त्यानं अडीच तास. पाचच्या आत पोचायला दोन तास हाताशी ठेवले होते.

“पुरे होते,” नाना म्हणाले. “तुझ्या बापानंही एवढेच ठेवले असते.”

अर्ध्या वाटेवर वैमानिक बोलला. समोरून जोराचा वारा आहे, इंधन भरायला खाली उतरतोय, दहा मिनिटं. विमान एका छोट्या विमानतळावर उतरलं. (गावाचं नाव मी सांगत नाही. त्या बिचाऱ्या गावाचा यात काही दोष नाही.) दहा मिनिटांचे सव्वादोन तास झाले. इंधनाचा टँकर उभा होता, पण त्याची किल्ली ज्याच्याकडे तो माणूस जेवायला गेला होता. जेवून आल्यावर त्याला सही करायला पेन हवं होतं. एकानं पाणी मागितलं तर उत्तर मिळालं, “सर, सहकार्य करा.” प्रज्ञानं हवाई सुंदरीला सांगितलं की पाच वाजता माझं आयुष्य आहे. तिनंही सहकार्य करायलाच सांगितलं.

“या देशात सहकार्य करणाऱ्यांची कमतरता नाही,” नाना म्हणाले. “ज्याच्याशी करायचं तो सापडत नाही. पुढे?”

“जळगावला उतरलो तीन वाजता. पण बॅगा पाऊण तास आल्याच नाहीत. आधी विमानातून लाकडी पेट्या उतरवत होते. एकेका पेटीला चार-चार माणसं. मी वीसपर्यंत मोजल्या, मग रडू यायला लागलं म्हणून मोजणं सोडलं.”

नानांनी पेट्या सोडून भलतंच विचारलं.

“तू उपाशी आहेस का, असं काउंटरवरच्या मुलीनं विचारलं?”

“हो. ‘फास्टिंग?’ असं.”

“तुला नवल नाही वाटलं?”

प्रज्ञा गोंधळली. “नाही. का वाटावं? मी दिवसातून साठ जणांना तेच विचारते. साखर तपासायला रक्त घ्यायच्या आधी. मी म्हटलं, नाही, नाश्ता झालाय.”

“बरोबर,” नाना म्हणाले. “न्हाव्याला कुणी ‘मान वाकडी करा’ म्हटलं तर तोही नवल न करता करील.”

पण त्यांचा चहा तसाच राहिला होता, आणि नानांचा चहा तसा राहत नाही.

३

शुक्रवारी मी आणि नाना जळगावला गेलो. वाटेत नानांनी नशिराबादपर्यंत लांबचा फेरा मारला, एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या बागेतून केळीचं एक आख्खं पान कापून घेतलं आणि ते छत्रीसारखं खांद्यावर टाकून विमानतळावरच्या ‘आकाशबंधू’च्या कार्यालयात शिरले.

व्यवस्थापकाचं नाव लीलाधर. चाळिशीचा, नीटनेटका, जळगावचाच. खुर्चीमागे पद्मालयाच्या गणपतीचं कॅलेंडर होतं. प्रत्येक चतुर्थीला लाल पेनानं गोल केलेला. त्यानं उठून नानांना नमस्कार केला, पाणी मागवलं, आणि मग पानाकडे बघितलं.

“हे कशाला, नाना?”

“साक्षीदार आहे,” नानांनी पान टेबलावर आडवं टाकलं. “मंगळवारी हे झाडावर होतं. केळीचं पान म्हणजे वाऱ्याची नोंदवही. जरा जोराचा वारा सुटला की चिंध्या होतात. हे बघा, एक चीर नाही. सगळी बाग बघून आलोय. मंगळवारी वारा नव्हता.”

मला वाटलं, संपली केस. लीलाधरनं पानावरून हळूच हात फिरवला.

“नाना, हा खालचा वारा. आमचा वारा अठरा हजार फुटांवरचा. तिथं केळी नसतात.”

नानांनी पानाची गुंडाळी केली. मी त्यांना आयुष्यात दोनदाच गप्प झालेलं बघितलंय, त्यातली ही दुसरी वेळ.

“वैमानिक कुठे भेटतील?”

“काल दिल्लीला होते, आज कोचीला. उद्याचं सांगता येत नाही.”

“म्हणजे वाऱ्याचा पत्ता तुमच्याकडे पक्का आहे, वैमानिकाचा नाही.”

लीलाधर कसनुसं हसला. “माझ्या हातात काही नाही, नाना. वरून जे येतं त्याच्यावर मी सही करतो. त्या ताईंचं मला खरंच वाईट वाटतं. मीसुद्धा त्या दिवशी दिवसभर उपाशी होतो, रात्री चंद्र बघून जेवलो.”

“पेट्यांत काय होतं?”

लीलाधरचं हसू जागच्या जागी थांबलं. “कुठल्या पेट्या?” त्यानं विचारलं, आणि पाण्याचा ग्लास नानांपुढे सरकवला. तो नानांनी केव्हाच रिकामा केलेला होता.

बाहेर आल्यावर नानांनी ते पान एका बकरीला दिलं. साक्षीदार संपला.

“आता?” मी विचारलं.

“भाऊ, एसटीत चाळीस प्रवासी बसलेत आणि डिझेल संपून गाडी माळावर उभी राहिली, तर आम्ही ड्रायव्हरला विचारायचो का वारा कसा होता? विचारायचो, निघताना टाकी कुणी बघितली? टाकी बघणं हे प्रवाशाचं काम नव्हे, देवाचं नव्हे, वाऱ्याचं तर नव्हेच नव्हे. दोन वेळा आगाराची चूक होती, दोन्ही वेळा मी वहीत ‘चूक आगाराची’ असं लिहिलं. मला दोनदा मेमो मिळाला. पण पॅसेंजरच्या हातात कागद मिळाला.” नानांचा आवाज चढला. “आणि हे, कोट घालून, ‘सर’ म्हणून, माणसाला आभाळात नेऊन सांगतात की पेट्रोल संपलं, हवेला विचारा!”

बकरीनं मान वर करून पाहिलं. नानांनी आवाज उतरवला.

“त्या मुलीशेजारी विमानात कोण बसलं होतं?”

४

शेजारी बसली होती एरंडोलची झुंबरबाई. वय पंच्याहत्तर. बंगळुरूला लेकाकडे, तेजसकडे, चार महिने राहून अंगारकीला पद्मालयाच्या गणपतीला जायचं म्हणून परत निघालेली. प्रज्ञा रक्त तपासते हे कळताच तिनं विमानातच तिला घरी येऊन रक्त तपासून द्यायचं आमंत्रण दिलं होतं, त्यामुळे पत्ता पाठ होता.

शनिवारी दुपारी आम्ही तिघं तिच्या दारात उभे राहिलो. झुंबरबाई अंगणात लसूण सोलत होती. प्रज्ञाला बघताच तिनं लसणाचा हात पदराला पुसला.

“उनी का माय! भेटनी का नौकरी?”

“नाही, आजी.”

“मराना त्या इमानवाला!” झुंबरबाईनं निकाल दिला आणि मग आम्हाला बसायला सांगितलं.

नानांनी त्यांची नेहमीची पद्धत वापरली. थेट प्रश्न विचारायचा नाही, तक्रार करू द्यायची. तक्रार करताना माणूस खोटं बोलत नाही. त्याला वेळ नसतो.

“आक्का, प्रवासात फार हाल झाले म्हणे तुमचे. उपास, आणि त्यात उपाशी.”

“उपाशी कसाले ऱ्हासू? खिचडी खादी ना मी.”

“घरून नेली होती?”

“नही हो भाऊ. त्यासनीच दिधी. इमान खाले उतरनं, दार उघडं, अन् डबा वाटाले लागनात. बठ्ठासले उपमा. आम्हले, उपासवालासले, साबुदानानी खिचडी. गरम व्हती.”

प्रज्ञानं मान हलवली. “मला उपमा मिळाला. मी खाल्ला नाही, घड्याळ बघत होते. सांगायचं लक्षातच राहिलं नाही.”

“पण उपास कुणाला आहे हे त्यांना कसं कळलं, आक्का?”

“त्या कौंटरवरनी पोरनी इचारं ना सकायले! ‘आजी, उपवास?’ तिले मराठी येत नव्हतं, पन उपवास येत व्हता. मी सांगं, शे ना माय, अंगारकी शे. मंग तिनी मना कागदवर गोल काढा.”

झुंबरबाईनं पोथीतून विमानाचा पास काढला. पोथीत खूण म्हणून ठेवला होता. कोपऱ्यात निळ्या पेनाचा गोल.

प्रज्ञा पासाकडे बघत राहिली. “म्हणजे ‘फास्टिंग’ म्हणजे… पण या विमानात एरवी तर काही देतच नाहीत!”

“नाही देत,” नाना हळू म्हणाले. “आक्का, खिचडी बरी होती का? घाईघाईत केलेली असेल.”

हे मात्र झुंबरबाईला लागलं. तिनं पन्नास वर्षं चतुर्थ्या केल्या होत्या.

“घाई? भाऊ, साबुदाना मोतीना मायक सुट्टा व्हता. एक दाना कच्चा नही, एक दाना चिकट नही. असा साबुदाना घाईमा व्हस का? रातले भिजाडेल व्हई!”

बोलून तिनं पुढची पाकळी सोलायला घेतली. नाना उठून उभे राहिले होते.

“आक्का, तो डबा आहे का?”

“शे ना. टाकसू का मी? झाकन घट्ट शे त्यानं.”

ती आत गेली आणि डबा घेऊन आली. डब्यात हळद होती. ती तिनं वाटीत काढून घेतली, तिच्या दृष्टीनं फार मोठा त्याग करत. झाकणावर चिकटपट्टी होती: ‘मोतीलाल केटरिंग. उपवास. १४’. खाली मोबाइल नंबर.

५

नानांनी गाडीतूनच फोन लावला, स्पीकर चालू ठेवून.

“मोतीलालभाऊ? अर्ध्या तासात साबुदाण्याच्या खिचडीचे चौदा डबे हवेत. तुमच्या विमानतळावर.”

पलीकडचा माणूस असा बोलला की मोबाइल थरथरला. “अर्ध्या तासात? साबुदाणा काय पोहे आहेत का, पाण्यातून काढले आणि फोडणीला टाकले? कुणी शिकवलं तुम्हाला? रात्रभर भिजवावा लागतो!”

“अंगारकीला तर अर्ध्या तासात दिले होते म्हणे.”

“कोण म्हणतं? सोमवारी संध्याकाळी सांगितलं होतं मला! नक्की किती डबे ते सकाळी आठ-साडेआठला कळवलं. बत्तीस उपमा, चौदा खिचडी. मी कामात चोख माणूस आहे.”

“विमानतळावर अंगारकीला खिचडी तशीही विकायला ठेवत असाल की.”

“कुणाला विकू? मंगळवारी इथं एरवी विमानच येत नाही! घरून रिक्षात घालून नेले डबे.”

प्रज्ञानं दोन्ही हात तोंडावर ठेवले. नानांनी अगदी गोड आवाजात शेवटचा प्रश्न विचारला.

“वा, वा. म्हणजे मंगळवारी दुपारी सुटलेल्या वाऱ्यासाठी सोमवारी संध्याकाळी साबुदाणा भिजला. ही दूरदृष्टी कुणाची, भाऊ? ऑर्डर कोणी दिली?”

“जळगावहून फोन होता. फार भला माणूस. म्हणाला, उपासाचे लोक उपाशी राहायला नकोत. लीलाधरभाऊ.”

६

सोमवारी सकाळी साडेनऊला प्रज्ञाला घेऊन आम्ही पुन्हा त्या कार्यालयात होतो. या वेळी टेबलावर केळीचं पान नव्हतं. एक प्लास्टिकचा डबा होता. लीलाधरनं झाकणावरची चिकटपट्टी वाचली आणि दार आतून लावून घेतलं.

नाना खुर्चीत सावकाश बसले.

“लीलाधर, माझं म्हणणं ऐक, चुकलं तर थांबव. तुमचं विमान वाऱ्यानं उतरवलं नाही. ते उतरणार हे सोमवारी संध्याकाळी ठरलेलं होतं. मंगळवारी सकाळी आठला काउंटरवरच्या मुलीला ठाऊक होतं. ज्या विमानात पाण्यापलीकडे काही मिळत नाही, त्याच्या प्रवाशांना ती उपासाचं विचारत होती. पासावर चौदा गोल, चौदा डबे. विमान साडेदहाला उडालं. तोवर मोतीलालची खिचडी फोडणीला पडली होती. दोनच माणसांना ठाऊक नव्हतं. एक ही पोरगी आणि दुसरा वारा.”

लीलाधर थांबवत नव्हता.

“आता कशासाठी, तेही सांगतो. टपावर कांद्याची पोती चढवली की एसटी घाटात धापा टाकते. विमानाला तर वजनाची मर्यादा असते. वीस-बावीस पेट्या, पेटीला चार माणसं. त्या चढवायच्या तर काहीतरी उतरवायला हवं.”

“साचे होते,” लीलाधर म्हणाला. “पाइपच्या कारखान्याचे, लोखंडी. मंगळवारीच पोचवायचे होते. माणसं उतरवली तर बोंब होते, नाना. इंधन बोंब मारत नाही. म्हणून अर्धं भरलं आणि मधे उतरायचं ठरवलं. प्रवाशांना आधी सांगितलं तर ते तिकीट रद्द करून दुसरीकडून जातात. म्हणून सांगायचं नाही.”

“आणि वारा?”

लीलाधरनं खालचा ड्रॉवर ओढला. आत पत्रांचा गठ्ठा होता, वितीएवढा उंच. प्रत्येकावर तेच: ‘अनपेक्षित प्रतिकूल वाऱ्यामुळे’. तारखेची जागा कोरी, विमानाच्या नंबराची जागा कोरी.

“वर्षाला पुरतात,” तो म्हणाला.

मी आयुष्यात बरंच खोटं वाचलंय, थोडंफार लिहिलंयही. पण अजून न सुटलेला वारा गठ्ठ्यानं बांधून ड्रॉवरमध्ये ठेवलेला मी पहिल्यांदा पाहिला. पुढच्या वर्षी ज्यांची लग्नं चुकणार, मयती चुकणार, परीक्षा चुकणार, त्यांची दिलगिरी आधीच छापून तयार होती.

प्रज्ञा उठली. ती ओरडेल असं मला वाटलं होतं. तिनं त्या गठ्ठ्यातलं वरचं पत्र उचललं आणि लीलाधरपुढे धरलं.

“दादा, तुम्हाला सोमवारी संध्याकाळीच ठाऊक होतं. मला एक फोन केला असता तर मी रात्रीची बस धरली असती. माझा नंबर तिकिटावर होता.”

लीलाधर खाली बघत राहिला. “वरून हुकूम होता. प्रवाशांना सांगायचं नाही. पण कॅलेंडर बघितलं तर अंगारकी. सगळी आपल्याकडची माणसं, निम्मी पद्मालयाला निघालेली. म्हातारी माणसं दोन-तीन तास बसून राहणार, त्यांना उपमा चालणार नाही. मला राहवलं नाही. बंगळुरूला फोन करून सांगितलं, उपासाचं विचारून घ्या. डब्यांचे पैसे मीच दिले.”

“ठाऊक आहे,” नाना म्हणाले. “तुझ्यात पाप असतं तर तू पकडला गेला नसतास. तुझ्या कंपनीनं अख्ख्या आभाळाला कामाला लावून जे लपवलं, ते तुझ्या चांगुलपणानं उघडं पाडलं.” ते पुढे वाकले. “चौदा उपाशी माणसांचा विचार तू आदल्या दिवशी केलास. पंधरावी ही. हिला खिचडी नको होती, वेळ हवी होती. ती तू आता देऊ शकतोस. कागद घे.”

“माझी नोकरी जाईल, नाना.”

“जाईलही,” नाना म्हणाले. त्यांनी खोटा धीर दिला नाही. “आगाराची चूक वहीत लिहिली म्हणून मला दोन मेमो मिळाले. त्यातल्या एका गाडीवर हिचा बाप कंडक्टर होता. माझ्या वहीत खाली साक्षीदार म्हणून त्यानं सही केली होती. त्यालाही मेमो मिळाला.”

प्रज्ञानं चमकून नानांकडे बघितलं. तिला हे ठाऊक नव्हतं.

घड्याळात दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. लीलाधरनं कॅलेंडरकडे बघितलं, मग गठ्ठ्यातलं एक पत्र घेतलं, ते उलटं केलं आणि कोऱ्या बाजूवर हातानं लिहायला सुरुवात केली. “सदर थांबा नियोजित होता. वारा नव्हता. दोष कंपनीचा आहे.” खाली सही, शिक्का. मग थोडा विचार करून त्यानं तारीखही पेनानं घातली. या वेळी ती खरी होती.

७

धुळ्याला पोचलो तेव्हा दीड वाजला होता. कंपनीनं एवढी बदनामी केली तरी वाऱ्यानं आम्हाला कुठेही अडवलं नाही. समितीच्या दारात जीवराम शिपायानं पत्र घेतलं, डबा घेतला, दोन्हींवर आवक क्रमांक टाकला. डब्यावर शिक्का उमटेना, तर त्यानं चिठ्ठी चिकटवली.

समितीच्या अध्यक्षबाईंनी पत्र वाचलं. मग झाकण वाचलं. मग नानांनी साबुदाण्याचा मुद्दा मांडायला सुरुवात केली, तर त्यांनी हात वर केला.

“समजलं. मीही चतुर्थी करते,” त्या म्हणाल्या. “रात्रभर भिजवावा लागतो.”

बाकीच्या दोन सदस्यांना समजावून सांगायला पाच मिनिटं लागली. त्यांच्या घरी साबुदाणा आपोआप भिजतो. तीनला दहा कमी असताना निकाल लिहिला गेला: उमेदवार वेळेत निघाली होती, दोष वाहतूक संस्थेचा, मूळ कागदपत्रं आत्ताच तपासावीत. प्रज्ञानं फाइल पुढे सरकवली.

ती रुजू झाली. आईला आता धुळ्यात आणलंय.

कंपनीचंही सांगायला हवं. उरलेल्या पंचेचाळीस प्रवाशांना मोबाइलवर दिलगिरी पाठवण्यात आली. जबाबदारी पाठवायची राहून गेली. वाऱ्याच्या पत्रांचा गठ्ठा, ऐकतो की, दुसऱ्या गावच्या कार्यालयात हलवलाय. लीलाधरला मेमो मिळाला. आरोप असा: ‘अनधिकृत खिचडीवाटप’. त्यानं तो चौकटीत बसवून गणपतीशेजारी लावलाय म्हणतात. नोकरी अजून आहे. त्याला काढलं तर कारण लिहावं लागेल, आणि कंपनीकडे छापील कारण एकच आहे.

मागच्या रविवारी नाना माझ्याकडे बसले होते. विमान कंपन्यांनी वाऱ्यामागे लपणं बंद करावं, टाकी भरणं हे त्यांचं कर्तव्य आहे, प्रत्येक प्रवाशाला उशिराचं खरं कारण लेखी मिळालंच पाहिजे, असं एक लांबलचक निवेदन ते मला सांगत होते आणि मी लिहून घेत होतो. आम्ही ते दिल्लीपर्यंत नेणार होतो. ‘या देशातला सामान्य प्रवासी आता जागा झाला आहे’ इथपर्यंत पोचलो, तेवढ्यात नानांचा फोन वाजला. एरंडोलहून झुंबरबाई.

“भाऊ, पोरले नौकरी भेटनी, बठ्ठं चांगलं झायं. गनपती पावना.”

“सगळं तुमच्यामुळे, आक्का.”

“ते ऱ्हाऊ द्या. पन मना डबा कव्हय भेटी? हयद अजून वाटीमाच शे.”